कुठली बोट, कुठलं बोट? ॲपमधली सुसंगती आणि जुळणी, पायरीपायरीने

संध्याकाळी हर्णै बंदराच्या वाळूवर मासळीचा लिलाव ऐन भरात असतो तेव्हा फोनकडे नीट बघायला कुणालाच सवड नसते. मच्छीमार सोसायटीचा हिशेब लिहिणाऱ्या काकी एका हातात पावतीपुस्तक आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन घेऊन उभ्या असायच्या. बोली संपली की नोंद, पुढची टोपली, पुन्हा नोंद. अंगठा ओला, उजेड चाललेला, शेजारी दोघे जण सुरमईच्या भावावरून हातघाईवर आलेले.

त्या सोसायटीचं ॲप मी केलेलं. डिझेलच्या स्क्रीनवर नोंद पक्की करायचं बटण खाली उजवीकडे होतं. लिलावाची स्क्रीन मी दोन महिन्यांनी बांधली आणि तिथे उजवीकडे 'रद्द' आलं. त्याला काही कारण नव्हतं, त्या रात्री तसं सुचलं एवढंच. स्क्रीन सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी काकींनी सत्तावीस नोंदी भरल्या, अंगठा सवयीने उजव्या कोपऱ्यात गेला आणि सत्तावीसच्या सत्तावीस उडाल्या. मी पोचलो तेव्हा त्या चिडल्याही नव्हत्या. "मी तर रोज दाबते तिथंच दाबलं रे बाळा," एवढंच म्हणाल्या.

चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून नवं ॲप हातात घेतलं किंवा जुनं दुरुस्तीला आलं की मी ज्या क्रमाने जातो, तो क्रम इथे देतो आहे. तुमचं ॲप आंब्याच्या पेट्यांचं असो, होमस्टेच्या बुकिंगचं असो की घरपट्टीचं, पायऱ्या याच.

आधी कुणाशी जुळायचं ते ठरवा

सुसंगती म्हणजे आपल्याच ॲपच्या आत एका गोष्टीला एकच नाव, एकच जागा, एकच वागणं. जुळणी म्हणजे बाहेरच्या जगाशी पटणं: फोनशी, कीबोर्डशी, वजनकाट्याशी, जीपीएसशी, गेल्या वर्षीच्या व्हर्जनशी. आपण बांधणारे लोक हे दोन वेगळे कप्पे करतो. वापरणाऱ्याला एकच प्रश्न असतो: मला जे येतं, ते इथे चालतं का?

जाणत्यांनी हे कधीच सांगून ठेवलंय. स्क्रीन कशी मांडावी याचे अभ्यासक बेन श्नायडरमन यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या आठ नियमांतला पहिलाच नियम सुसंगतीचा आहे. त्याच विषयातले जेकब नील्सन यांच्या १९९४ च्या दहा नियमांत तो चौथा येतो, 'सुसंगती आणि प्रमाणकं' या जोडनावाने. पण प्रत्यक्ष कामात अडचण वेगळीच येते. दोन प्रमाणकं एकमेकांशी भांडतात तेव्हा कुणाचं ऐकायचं?

समुद्रावरचंच उदाहरण घ्या. बंदरात शिरताना वाट दाखवणारे लाल-हिरवे बोये तुम्ही पाहिले असतील. आपल्याकडे आत येताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा, हिरवा उजव्या. अमेरिकेत याच्या बरोब्बर उलट. १९७६ सालापर्यंत जगात बोयांच्या तीसहून जास्त पद्धती होत्या आणि त्यातल्या कित्येक एकमेकींच्या विरुद्ध होत्या. १९८० मध्ये देश एकत्र बसले. सगळ्या जगाची एक पद्धत काही झाली नाही, पण दोन विभागांवर तोडगा निघाला: भारत, युरोप, आफ्रिका 'अ' विभागात, तर अमेरिका खंड, जपान, कोरिया, फिलिपिन्स 'ब' विभागात. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. ज्या पाण्यात जहाज आहे, त्या पाण्याचा नियम. कप्तानाला स्वतःला कुठला रंग आवडतो, हे कुणी विचारत नाही.

माझा क्रम म्हणून असा आहे. आधी माणसाचं रोजचं काम आणि त्याची वही. मग त्याच्या हातातला फोन. मग आपल्याच ॲपच्या बाकीच्या स्क्रीन. आणि सगळ्यात शेवटी आपली आवड. पुढे प्रत्येक पायरीला भांडण आलं की हाच क्रम लावायचा.

पहिली पायरी: शब्दांची वही करा

कोड उघडू नका. एक वही घ्या आणि ॲपमधला प्रत्येक शब्द उतरवून काढा: बटणावरचा, मथळ्यातला, चुकीच्या संदेशातला, पावतीवरचा. शेजारी तीच गोष्ट लोक तोंडाने काय म्हणतात ते लिहा. कंटाळवाणं काम आहे. पण सगळ्यात जास्त घाण इथेच निघते.

माझ्या वहीत निघालेली पहिली गंमत 'बोट' या शब्दाची. पहिल्या स्क्रीनवर मी लिहिलं होतं, 'बोट नोंदवा'. म्हणजे नौकेची माहिती भरा. तीन स्क्रीन पुढे, फोनचं कुलूप बोटाच्या ठशाने उघडायची सोय होती, तिथेही 'बोट नोंदवा'. एक तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, खरोखरच नौकेच्या स्क्रीनवर अंगठा टेकवून मिनिटभर उभा राहिला होता. कुठली बोट नि कुठलं बोट, हे आपल्याला लिंगावरून कळतं, पण आज्ञार्थी वाक्यात लिंग दिसतच नाही.

मी हुशारी करून नौकेला सगळीकडे 'नौका' केलं. परवान्यावर तोच शब्द असतो, शुद्धही आहे. तांडेलमामा हसले. "नौका आम्ही सरकारी कागदावर म्हणतो. धक्क्यावर बोटच." मग क्रम लावला: माणसाचं काम आधी. बोट ही बोटच राहिली आणि ठशासाठी 'अंगठा लावा' आलं, जे बँकेपासून रेशन दुकानापर्यंत सगळे आधीच म्हणतात.

दुसरी गंमत महागात पडली असती. फॉर्म पाठवायच्या बटणावर बऱ्याच मराठी ॲपांत 'जमा करा' असतं. कुणीतरी एकदा तसं भाषांतर केलं आणि ते पसरलं. पण जो माणूस रोज जमा-खर्च लिहितो, त्याच्या लेखी जमा म्हणजे पैसे आले. उधारीची नोंद भरून खाली 'जमा करा' दिसलं की काकी थबकायच्या. उधारी जमा कशी करायची? आता माझा नियम असा की 'जमा' हा शब्द फक्त पैशासाठी. बाकी सगळीकडे 'नोंद करा'. एका ॲपमध्ये एकाच क्रियेला 'सेव्ह', 'जतन करा', 'सादर करा' आणि 'ओके' असे चार शब्द मी पाहिले आहेत. ते चौघे वेगवेगळं काही करत असतील, या भीतीने माणूस चौथं बटण दाबतच नाही.

तिसरी गोष्ट मासळीच्या नावांची. रत्नागिरीकडे कोळंबी, मालवणकडे सुंगटा. दोन्ही यादीत घातली तर एकाच मालाचे दोन हिशेब होतात. एकच ठेवली तर अर्ध्या किनाऱ्याला ती सापडत नाही. इथे डेटाबेसमध्ये प्रत्येक मासळीला एक क्रमांक द्या आणि नावं त्या क्रमांकाला टांगा. बंदरागणिक नाव बदलेल, शोधताना दोन्ही नावं चालतील, हिशेब मात्र एकाच क्रमांकावर जाईल. आत सुसंगती, बाहेर जुळणी. हे एवढं जमलं तर निम्मं काम झालं म्हणायला हरकत नाही.

वही झाली की ती बंद करून ठेवू नका. नवा स्क्रीन करताना नवा शब्द सुचला तर आधी वहीत बघायचं: हीच गोष्ट दुसऱ्या नावाने आधीपासून आहे का?

दुसरी पायरी: सगळ्या स्क्रीन जमिनीवर मांडा

प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढा, कागदावर छापा आणि घराच्या ओटीवर पसरा. लॅपटॉपवर एकेक बघत गेलात तर दिसणार नाही. शेजारीशेजारी ठेवल्यावर मूल सुद्धा बोट दाखवून सांगेल की हे बटण इथे खाली आणि तिथे वर का. 'मागे'चा बाण, मुख्य बटण, मदत, बेरजेचा आकडा, या चार गोष्टी लाल पेनाने गोल करा आणि जागा तपासा. मदतीची जागा सगळ्या पानांवर एकाच क्रमात असावी, ही अट आता वेबच्या सुलभतेच्या प्रमाणकातही आली आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत ती आहे.

रंगांचं थोडक्यात: लाल रंग पुसून टाकण्यासाठी ठेवला असेल तर थकबाकीही लालच दाखवू नका. आणि निव्वळ रंगावर काही सोपवू नका. लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसं असतात, शिवाय भर उन्हात डेकवर कुणालाच रंग दिसत नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण सुसंगतीच्या नादाला लागलेले लोक हीच चूक करतात. सगळं सारखं दिसणं म्हणजे सुसंगती नव्हे. नोंद करणं आणि नोंद पुसणं ही कामं वेगळी आहेत, तर ती वेगळीच दिसली पाहिजेत, वेगळ्या जागी असली पाहिजेत. काकींचा घोळ झाल्यावर मी नुसती बटणांची अदलाबदल करून थांबलो नाही. 'रद्द' वर नेलं, त्याला साध्या अक्षरांचं रूप दिलं, आणि एकापेक्षा जास्त नोंदी पुसायच्या असतील तर बटण दाबून धरावं लागेल असं केलं. त्यावर पुसलेलं परत आणायची सोय. घाईत बोट चुकणारच, ते धरूनच चालायचं.

तिसरी पायरी: फोनला जे येतं, ते नव्याने शिकवू नका

तुमचं ॲप दिवसातून वीस मिनिटं उघडलं जातं. उरलेला वेळ माणूस व्हॉट्सॲप, यूट्यूब, पैसे पाठवायचं ॲप यांत असतो आणि त्याच्या सवयी तिथे घडतात. नील्सन यांनी हेच वेबसाइटबद्दल म्हटलंय: लोक बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या साइटवर असतात. म्हणून आवाज पाठवायचं चिन्ह माइकचंच ठेवा. निवडण्यासाठी दाबून धरणं असेल तर तसंच ठेवा. स्वतःचा नवा हावभाव शोधून काढायची हौस घरच्या प्रोजेक्टवर भागवा.

हे मोठ्या प्रमाणावर कसं दिसतं ते यूपीआयमध्ये पाहा. २०१६ मध्ये ही व्यवस्था आली. पैसे पाठवायचं ॲप कुठलंही घ्या, पिन टाकायची स्क्रीन सारखीच असते, कारण तो भाग यूपीआय चालवणारी राष्ट्रीय भुगतान निगम ही संस्था सगळ्या ॲपांना एकच देते. आणि मासळीवालीच्या टोपलीला अडकवलेला क्यूआर एका कंपनीचा असला तरी दुसऱ्या कंपनीच्या ॲपने वाचता येतो. पहिली सुसंगती, दुसरी जुळणी. मासळीवाली दोन्हींचं नाव न घेता दोन्ही वापरते.

फोनफोनांत आणि संगणकांतही फरक असतो हे ध्यानात ठेवा. विंडोजमध्ये 'ओके' डावीकडे आणि 'कॅन्सल' उजवीकडे, मॅकमध्ये उलट. अँड्रॉइडने तर २०११ मध्ये चौथ्या आवृत्तीत आपलीच पद्धत फिरवली: होकाराचं बटण डावीकडून उजवीकडे गेलं. म्हणजे 'बरोबर जागा' अशी काही निसर्गदत्त नसते, हातातला फोन सांगेल ती. त्यामुळे संदेशाच्या चौकटी स्वतः रंगवू नका, फोनचीच तयार चौकट वापरा. बटणावर 'होय' आणि 'नाही' लिहिण्यापेक्षा 'नोंद पुसा' आणि 'राहू द्या' असं लिहा. जागा चुकली तरी शब्द वाचवतात.

बटणाच्या मापाला अँड्रॉइडची शिफारस ४८ एककांची आहे, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. ओल्या अंगठ्यासाठी मी त्याहून मोठं करतो. देवनागरीसाठी आणखी एक: इंग्रजी अक्षरांच्या उंचीने बटण बांधलं तर वरची रफार-वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. 'पूर्ती' आणि 'कर्ज' लिहून बघा, लगेच कळेल.

चौथी पायरी: अक्षरं आणि आकडे

ही पायरी मराठीत काम करणाऱ्यांसाठी. इंग्रजी पुस्तकं वाचून आलेल्यांना ही अडचण आहे हेच माहीत नसतं, म्हणून इथे जरा थांबू.

'ॲप' हा शब्दच घ्या. त्यातला 'ॲ' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, युनिकोडमधलं (संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं जागतिक प्रमाणक) ०९७२ क्रमांकाचं सबंध अक्षर, जे २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलं. दुसरं, 'अ' म्हणजे ०९०५ आणि त्यावर अर्धचंद्र म्हणजे ०९४५. डोळ्यांना दोन्ही सारखी. संगणकाला ती दोन वेगळी अक्षरं. युनिकोडची प्रमाण रूप देणारी रीत लावली तरीही ती एक होत नाहीत. एका कीबोर्डवरून 'ॲ'ने सुरू होणारं नाव नोंदवलं आणि दुसऱ्यावरून शोधलं, की 'सापडलं नाही'. माणूस नव्याने नोंदवतो आणि एका नावाची दोन खाती होतात.

'ऱ्य'चं याहून मजेदार आहे. तो लिहायचे दोन मार्ग: एक, 'ऱ' म्हणजे ०९३१ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरा, साधा 'र', हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. आता समजा तुमच्या प्रोग्रॅमने स्वच्छतेच्या नावाखाली न दिसणारी चिन्हं काढून टाकली. दुसऱ्या मार्गाने लिहिलेल्या 'दऱ्या' या शब्दाचं काय होतं? जोडचिन्ह गेलं की उरतं 'दर्या'. सह्याद्रीच्या दऱ्या क्षणात समुद्र होतात. कोकणात एका बाजूला दऱ्या आणि दुसऱ्या बाजूला दर्या असल्यामुळे वाक्य वाचून चूक लक्षातही येत नाही.

उपाय अवघड नाही, फक्त एकाच जागी करायला हवा. नोंद आत येते त्या दारावरच मजकूर प्रमाण रूपात आणा. 'अ' अधिक अर्धचंद्र दिसलं की सबंध 'ॲ' करा. र, हलन्त आणि जोडचिन्ह अशी जोडी दिसली की 'ऱ' आणि हलन्त करा. उरलेली न दिसणारी चिन्हं त्यानंतर काढा, आधी नाही. शोधताना टाइप केलेल्या शब्दालाही हाच संस्कार. जुना डेटा शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा फाँटांत असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणा, आणि आणल्यावर शंभरेक ओळी माणसाकडून वाचून घ्या. यंत्रावर विसंबू नका.

वेबपान असेल तर पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये सांगा. चांगल्या फाँटांत मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणं हिंदीहून वेगळी दिलेली असतात. भाषा सांगितली नाही तर ती येत नाहीत आणि पान जरा परकं वाटतं. का ते कुणी सांगू शकत नाही, पण वाटतं.

आता आकडे. कुणी '१२' देवनागरीत टाकतं, कुणी इंग्रजीत. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला देवनागरी बारा दिला तर ती म्हणते हा आकडाच नव्हे. सर्व्हरवरच्या पायथन या भाषेला दिला तर ती मुकाट्याने बारा मानते. म्हणजे ब्राउझर नाकारतो ते सर्व्हर स्वीकारतो, एकाच ॲपच्या दोन टोकांत मतभेद. इथेही तोच मार्ग: दारावर दोन्ही घ्या, आत एकच ठेवा. बोटीचा 'आयएनडी-एमएच'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लोक आडव्या रेघांसह, रेघांशिवाय, मध्ये जागा सोडून, तिन्ही प्रकारे लिहितात. 'चुकीचा क्रमांक' असा लाल संदेश दाखवण्यापेक्षा रेघा आणि जागा तुम्हीच काढा.

दाखवायचं कशात? ब्राउझरच्या आकडे छापणाऱ्या सोयीला मराठी सांगितलं की ती आपणहून देवनागरी आकडे देते, हिंदी सांगितलं तर इंग्रजी. मला मनातून देवनागरी आवडतात. पण धक्क्यावरच्या वजनकाट्यावर इंग्रजी आकडे उमटतात आणि काकी काट्यावरून फोनवर नजर फिरवून ताडून बघतात. काटा जिंकला. स्वल्पविराम मात्र लाख-कोटीच्या जागी, एक लाखाची शंभर हजार अशी मांडणी इथे कुणी वाचत नाही.

पाचवी पायरी: जागा, खोली, तारीख

बोटीवरचा जीपीएस जागा अंश आणि मिनिटांत दाखवतो, फोनचे नकाशे बहुधा अंशांच्या दशांशात. तांडेलाने वहीत लिहिलेलं असतं '१७ अंश ४८.५', म्हणजे १७ अंश आणि साडेअठ्ठेचाळीस मिनिटं. हा हर्णैचा अक्षांश. एका मुलाने ते फोनमध्ये '१७.४८५' असं भरलं. एका अंशात मिनिटं साठ, तेव्हा ४८.५ ला साठाने भागून खरा आकडा येतो १७.८०८. भरलेला आकडा कुठला? गुहागरचा. फरक १९.४ सागरी मैलांचा, म्हणजे जवळपास ३६ किलोमीटर. जाळी हर्णैसमोर आणि खूण गुहागरसमोर.

त्यामुळे जागा भरायला एकच मोकळी चौकट कधीही देऊ नका. अंशांची वेगळी, मिनिटांची वेगळी, आणि एकक चौकटीबाहेर छापलेलं. भरल्यावर लगेच 'हर्णैपासून अमुक मैल' असं दाखवा. चूक आकड्यात दिसत नाही, अंतरात लगेच दिसते. हैदराबादची इन्कॉइस संस्था मासळी मिळण्याच्या संभाव्य जागा कळवते, त्या जागा ॲपमध्ये घेत असाल तर आलेल्या एककाचं रूपांतर दारावरच करा.

खोली जुनेजाणते वावांत सांगतात. एक वाव म्हणजे सहा फूट, १.८३ मीटर. नकाशा मीटरमध्ये. दोन्ही दाखवा, कुठलं कुठलं ते प्रत्येक आकड्याशेजारी लिहा.

तारखेबद्दल एवढंच. पावसाळी मासेमारी बंदी १ जूनला लागते. फोनची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर तीच तारीख '६/१' अशी छापली जाते आणि इथला माणूस ती ६ जानेवारी वाचतो. स्क्रीनवर महिना अक्षरात लिहा. आत वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवा.

सहावी पायरी: कपाटातल्या फोनचा विचार करा

शहरातल्या ॲपचं जुनं व्हर्जन लवकर मागे पडतं. आपल्याकडे तसं नाही. १ जून ते ३१ जुलै बंदी. एकसष्ट दिवस बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, बोटीवरचा फोन कपाटात. ऑगस्ट उजाडला की तो फोन चार्ज होतो, गेल्या हंगामाचं ॲप उघडतं आणि तुमच्या नव्याकोऱ्या सर्व्हरशी जुन्या भाषेत बोलू लागतं. अपडेट घ्यायला रेंज नसते. त्यात तुम्ही पावसाळ्याची सवड साधून नेमका सगळा सर्व्हर बदललेला असतो. मीही एकदा बदलला होता.

त्यावरून केलेले नियम हे. सर्व्हरला येणाऱ्या माहितीत नवा रकाना घाला, पण जुन्याचं नाव बदलू नका आणि तो काढूही नका. नवा रकाना आला नाही तर काय धरायचं ते आधीच ठरवून ठेवा. ओळखीचा नसलेला रकाना दिसला तर अडू नका, पुढे जा. प्रत्येक नोंदीबरोबर ॲपचा व्हर्जन क्रमांक येऊ द्या. तीन भागांचा क्रमांक ठेवत असाल तर जुळणी मोडणारा बदल केल्यावरच पहिला आकडा वाढवा. आणि जुनी भाषा पुढचा संपूर्ण हंगाम चालू ठेवा, म्हणजे पुढच्या मेअखेरपर्यंत.

जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये इंटरनेटच्या नियमांत लिहून ठेवलेलं तत्त्व इथे लागू पडतं: देताना काटेकोर राहा, घेताना उदार. मी त्याला एक पुस्ती जोडतो. उदार दारापुरतंच. आत जाईपर्यंत माल निवडून, धुऊन एका रूपात आलेला हवा, नाहीतर प्रत्येकाची चूक पुढे तुमच्याच गळ्यात पडते.

नाव बदलायचा मोह फार होतो. रकान्याचं स्पेलिंग चुकलंय, दुरुस्त करू या? वेबच्या जुन्या नियमांत 'आधी कुठल्या पानावर होतात' हे सांगणाऱ्या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग चुकलं, १९९६ च्या नियमपत्रात तसंच छापलं गेलं, आणि आजही जगातला प्रत्येक ब्राउझर तेच चुकीचं स्पेलिंग पाठवतो. दुरुस्त केलं तर सगळं मोडेल. चूक जुनी झाली आणि लोक तिच्यावर घरं बांधून बसले, की ती चूक राहत नाही.

सातवी पायरी: बदलायचंच असेल तर

कधी कधी बदलावंच लागतं. मग हंगामाच्या मध्ये नाही. गणपतीच्या आठवड्यात तर मुळीच नाही. आंब्याचं ॲप असेल तर मार्च ते मे हात लावू नका, वाशीला पेट्या जात असताना बटण हललेलं बागायतदार विसरत नाही. बदल एकदम करा, पण एकाच प्रकारचा: जागा हलवत असाल तर त्याच वेळी शब्द बदलू नका. दोन्ही बदललं तर माणसाला ओळखीचं काहीच उरत नाही. आणि धक्क्यावर जाऊन स्वतः सांगा. ॲपमध्ये उघडणारा 'नवीन काय' हा पडदा आजवर कुणी वाचलेला माझ्या पाहण्यात नाही.

शेवटची फेरी धक्क्यावर

टेबलावर तपासलेलं ॲप तपासलेलं नसतं. घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, अक्षरांचं माप सगळ्यात मोठं करा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि दुपारी दोनच्या उन्हात उभे राहा. अंगठा बादलीत बुडवा. विमान मोडवर दहा नोंदी करा, मग रेंज चालू करून दहाच्या दहा पोचल्या का ते मोजा, अकरा पोचल्या तरी ती चूकच. व्हॉट्सॲपवरून एक नाव कॉपी करून शोधाच्या चौकटीत टाका. दोन वेगळ्या कीबोर्डवरून 'ॲ'ने सुरू होणारं नाव लिहा. मग फोन अशा कुणाच्या तरी हातात द्या, ज्याने फक्त डिझेलची स्क्रीन वापरली आहे, आणि त्याला लिलावाची नोंद करायला सांगा. मध्ये बोलू नका. अंगठा हवेत थांबला की ती जागा वहीत लिहा.

गेल्या १ ऑगस्टला असाच एक फोन आला. दोन हंगाम जुनं ॲप, काचेला तडा, बॅटरी पार मेलेली. चार्ज झाला, पहिली नोंद केली, सर्व्हरने निमूट घेतली. मी खूश. रात्री हिशेब बघितला तर ती नोंद त्या दिवशीच्या यादीत नव्हतीच. शोधताना सापडली १ जानेवारी १९७० च्या तारखेला: बॅटरी संपल्यावर फोनचं घड्याळ जिथून मोजायला सुरुवात करतं, त्या दिवशी. आता सर्व्हर फोनची तारीख घेतो, शेजारी नोंद पोचल्याची स्वतःची वेळ लिहितो, आणि दोन्हींत महिन्याहून जास्त अंतर असलं तर काकींना विचारतो, "ही नोंद आजची का?"